मधुमतीबाईंची सीट

मी एक कॉर्टिना गाडी बोलतेय. म्हणजे कॉर्टिनाचं जे काही उरलंय ते.

१९८१ साली विलायतेतल्या डॅगनहॅमच्या कारखान्यातून निघाले आणि वॉटफर्डच्या विष्णूरावांकडे आले. ते हॉस्पिटलात एक्स-रे काढत. जन्मभर लोकांच्या आतलं बघितलं, स्वतःच्या आतलं कुणाला दाखवलं नाही. दर दसऱ्याला मला शेवंतीचा हार घालत. पहिल्या वर्षी शेजारणीनं विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" विष्णूराव म्हणाले, "गाडीचं." ती पुन्हा कधी काही विचारायच्या भानगडीत पडली नाही.

मधुमतीबाई माझ्या डावीकडच्या सीटवर बसत. ती त्यांनी पार पुढे ओढून घेतली होती, कारण गाडी विष्णूराव चालवत आणि ब्रेक या दाबत. तिथे ब्रेक नाही, ही गोष्ट त्यांनी नऊ वर्षं मनावर घेतली नाही. "अहो, हळू!" आणि पाय खाली. मॅटला तिथे भोक पडलं.

नव्वद साली त्या गेल्या. सीट तिथेच राहिली. कुणीही बसलं की गुडघे हनुवटीला लागत. "जरा मागे घेऊ का?" असं कुणी विचारलं, की विष्णूराव म्हणत, "अडकलीय ती."

अडकली नव्हती. मला ठाऊक होतं.

त्र्याण्णवमध्ये मी एमओटीला, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक तपासणीला, नापास झाले. मला भंगारात द्यायचा त्यांना धीर होईना. लेस्टरला राहणारा, इंग्रजीतच वाढलेला मुलगा यशोधन म्हणाला, "बाबा, मला द्या. आय विल लुक आफ्टर हर." विष्णूरावांनी किल्ली दिली. सीटचं काही बोलले नाहीत.

ऑगस्टच्या बँक हॉलिडेला यशोधननं त्यांना स्टॉक कारच्या शर्यतीला बोलावलं. दोनशे फेऱ्यांची शर्यत. लोक गाडी घेतात कुठेतरी पोहोचायला; इथे दोनशे वेळा तिथेच परत यायचं, वाटेत एकमेकांना धडका द्यायच्या, आणि हे बघायला तिकीट.

"बाबा, सरप्राइज! तुमचा गाडी!"

मी समोर उभी होते. रंग भगवा, काचा नाहीत, दारं वेल्डिंगनं बंद. डाव्या दारावर त्यानं स्वतःच्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: आई. पोराचं प्रेम खरं होतं, हीच तर पंचाईत.

विष्णूरावांनी आत डोकावलं. डावीकडे बोल्टांची चार भोकं.

"सीट कुठाय रे?"

"काढावंच लागतं, रूल आहे. भंगाराच्या स्किपमध्ये टाकलं. व्हाय?"

"काही नाही. जपून चालव."

दर फेरीला ते मला दिसत होते. कठड्याशी, मिटलेली छत्री दोन्ही हातांत धरून. सगळे ओरडत होते. त्यांचा मात्र प्रत्येक वळणाला पाय जमिनीत दाबला जात होता.

एकशे त्रेसष्टाव्या फेरीत मी गरकन फिरले आणि मागून आलेली गाडी माझ्या डाव्या बाजूत घुसली. 'आई' दुमडून आत आली, मधुमतीबाई बसत तिथपर्यंत.

यशोधन खिडकीतून बाहेर पडला तो हसतच. "बाबा, थर्ड होतो मी! बघितलंत ना?"

"लागलं नाही ना तुला?"

"छे!"

"मग छान चालवलीस."

उद्या मला दाबून चौकोनी ठोकळा करणार आहेत. तक्रार कुणाविरुद्ध करू? फक्त एक मागते. जुनी गाडी हाती आली, तर तिची सीट हलवण्याआधी विचारा. आणि देणाऱ्यांनो, कुणी विचारायची वाट बघू नका.

विष्णूराव ट्रेननं वॉटफर्डला परत गेले. यंदाच्या दसऱ्याला हार कुणाला घालणार, ते त्यांनी सांगितलं नाही.