चालतंय ना, मग झालं

बाईंनी तिसऱ्या लॅपटॉपवर जुनी, जड सिस्टिम परत चढवली, तो बंद करून पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर नुसतंच पांढरं चक्र फिरत राहिलेलं बघून त्यांना मनापासून समाधान वाटलं. शेजारचे दोन त्यांनी आधीच बिघडवून ठेवले होते. बाकीचे कपाटात कुलूपबंद. पुढच्या बाकावर ओळीने तीन लॅपटॉप, तिन्हींची चक्रं गरगर फिरतायत आणि पुढे काही म्हणजे काही सरकत नाही. अस्सं! उद्या साहेबांनी डोळे भरून बघावं.

स्वतःच्या हाताने जिवंत केलेलं यंत्र स्वतःच मारायचं, हे काय कुणाला आवडतं? पण दुसरा रस्ता ठेवलाय कुणी?

हे लॅपटॉप एका कंपनीने बायकांच्या या प्रशिक्षण केंद्राला दान दिले होते. दान कसलं, अडगळ! टाकायला जागा नव्हती, म्हणून दान. पण थाट काय वर्णावा. हार, टाळ्या, फोटो, भाषण. पाहुणे गेल्यावर खोकी उघडली, तर एकेक लॅपटॉप सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की तेवढ्यात बाईमाणूस घरी जाऊन कुकर लावून परत येईल. मेमरी इतकी तुटपुंजी की त्यावर चढवलेली सिस्टिम त्यांना पेलतच नव्हती. हिशेबाचं काम शिकायला आलेल्या बायका घरातली कामं उरकून, धापा टाकत यायच्या आणि तासभर चक्र बघून परत जायच्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी शोधशोध करून एक हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम मिळवली, पेन ड्राइव्हवर घेतली, आणि सगळी सुट्टी खर्ची घालून एकेक लॅपटॉप पुसून तिच्यावर आणला. त्या कुचकामी डब्यांना पाय फुटले. बायका शिकायला लागल्या.

चूक झाली ती इथेच.

कारण हिशेबाच्या परीक्षेचा जो प्रोग्राम होता, तो या हलक्या सिस्टिमवर चालत नव्हता. त्याला नवा, दांडग्या मेमरीचा लॅपटॉप लागायचा. म्हणजे शिकायचं इथे आणि परीक्षा द्यायला पार दुसऱ्या शहरात जायचं, अख्खा दिवस मोडून. केंद्राच्या संचालिकांनी मुख्य कार्यालयाकडे नवे लॅपटॉप मागितले. तिकडून साहेबांनी फोनवरच विचारलं, "जुने चालतायत ना?" संचालिका खरं बोलल्या. "मग झालं," साहेब म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

ज्यांना जमलं त्या जाऊन परीक्षा देऊन आल्या. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पहिला नंबर आत्यांचा. पन्नाशी उलटलेल्या, वर्गातल्या सगळ्याजणींच्या आत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माऊसला तापलेल्या तव्याला लावावं तसं बोट लावून मागे घेतलं होतं. आता जमाखर्च इतका चोख मांडायच्या की बाई त्यांची वही इतरांना दाखवत. पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दीर त्याच गल्लीत, नणंद दोन गल्ल्या सोडून. उशापायथ्याशी राबायचं आत्यांनी आणि सल्ले द्यायचे त्या दोघांनी. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस! दुपारचे दोन तास शेजारीण बसायची म्हणून वर्ग तरी व्हायचा. अख्खा दिवस कोण बसणार? मागची परीक्षा हुकली, तिच्या आधीचीही हुकली.

"इथे परीक्षा झाली असती तर दिली असती हो बाई," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तक्रार म्हणून नव्हे, सहज.

ते 'सहज' बाईंना झोंबलं. म्हणून तर आजचा हा उद्योग. साहेब उद्या स्वतः पाहणीला येणार होते. लॅपटॉप मेलेले दिसले की नवे मंजूर होणार, नवे आले की परीक्षा इथेच होणार. बाईंनी हे फक्त संचालिकांना सांगितलं. बायकांना सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. आपण शिकवायला बसलोय, आणि शिकवायचं काय, तर खोटं कसं बोलायचं?

दुसऱ्या दिवशी साहेब उशिरा आले. बाई तोवर संचालिकांच्या खोलीत ताटकळत बसल्या होत्या. आल्यावर साहेबांनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, रस्त्यातल्या गर्दीवर बोलून घेतलं.

"फार वाईट अवस्था आहे साहेब," संचालिका म्हणाल्या. "सुरूच होत नाहीत."

"मध्यंतरी तर चालत होते म्हणालात."

"जुनी यंत्रं. आज आहेत, उद्या नाहीत."

"चला, बघूया."

वर्गाच्या दारातच बाईंचे पाय थबकले. पुढच्या बाकावरचे तिन्ही लॅपटॉप झकास सुरू होते. निळा पडदा, त्यावर ओळखीची चित्रं, एकावर तर कालचा जमाखर्चाचा तक्ताही नव्याने मांडून ठेवलेला. बाकाशेजारी आत्या उभ्या. कपाळावर घाम, हातात पेन ड्राइव्ह, आणि चेहरा असा फुललेला की बघत राहावं. मागे बाकीच्या बायका गालातल्या गालात हसतायत.

साहेबांनी दोनचार बटणं दाबली. तक्ता उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"अहो, हे तर पळतायत!"

"मघाशी आले तेव्हा बंदच होते साहेब," आत्या घाईघाईने म्हणाल्या. "नुसतं चक्र फिरत होतं. म्हटलं, आज साहेब यायचे आणि आमच्या बाईंची मान खाली जायची! बाईंनी शिकवलंय आम्हाला. अडलं की घाबरायचं नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, जुनं सगळं पुसायचं, हलकी सिस्टिम चढवायची. तशी चढवली. तिन्हींवर. मी एकटीने!"

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात जिद्द. मग नवे कशाला हवेत हो तुम्हाला? उलट त्या कंपनीकडे असलेच अजून पडलेत. तेही पाठवून देतो."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. संचालिकांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीकडे बघत होत्या. मग त्यांना राहवेना.

"साहेब, परीक्षेचा प्रोग्राम यावर चालत नाही. मी तीन वेळा कळवलंय. या बायका इथे शिकतात आणि परीक्षेच्या दिवशी घरी बसतात. त्याला चालणं म्हणायचं?"

"बाई, रागावू नका. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तर सगळं चाललंय."

"म्हणूनच चाललंय!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "आम्ही फाटलेलं शिवत बसतो, म्हणून तुम्हाला फाटलेलं दिसतच नाही. उद्यापासून शिवणार नाही मी. मग बघा, काय चालतंय ते!"

साहेब हसले. लहान मूल रुसल्यावर हसतात तसे. त्यांना अजून एका केंद्रावर जायचं होतं. त्यांना गाडीपर्यंत सोडायला संचालिका मागोमाग गेल्या. जाताना संचालिकांनी आत्यांकडे असं पाहिलं की मागच्या बायकांचं हसू जागच्या जागी थिजलं.



"माझं काही चुकलं का?" आत्यांनी विचारलं.

बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. काल संध्याकाळी काय केलं, का केलं, नवे लॅपटॉप आले असते तर परीक्षा कुठे झाली असती. सांगताना त्यांनी आत्यांकडे एकदाही पाहिलं नाही.

आत्यांनी पेन ड्राइव्ह हळूच बाकावर ठेवला. चेहऱ्याचा रंग उतरला, मग लाल झाला.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?" त्या ताडकन म्हणाल्या. "आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? सांगितलं असतं, तर एकीने तरी बोट लावलं असतं का? उलट असं रडगाणं गायलं असतं की साहेबांनी स्वतःचा लॅपटॉप काढून दिला असता! घरी पण हेच. वहिनीला विचारू नका, वहिनीला सांगू नका, वहिनी करतेय ना, मग झालं! तुम्हीसुद्धा, बाई?"

साहेबांवरचा राग अजून बाईंच्या अंगात होता, पण आता तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"चुकलंच. ते राहू दे." आत्यांनी पदराने कपाळ पुसलं. त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण मी केलं ते बरोबर होतं का? कुठे अडले नाही. भाषा विचारली, ती निवडली. सगळं पुसू का विचारलं, तेव्हा दोनदा वाचलं आणि हो म्हटलं."

"एकदम बरोबर," बाई म्हणाल्या. "मलासुद्धा पहिल्यांदा जमलं नव्हतं."

"खरंच?"

"खरंच. दोन लॅपटॉप बिघडवले होते मी."

आत्यांनी पिशवीतून फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत लावला.

"भाऊजी? हं, मीच. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे, दुसऱ्या शहरात. सकाळी जाईन, रात्री येईन. त्या दिवशी आईंजवळ तुम्ही बसायचं." पलीकडून काहीतरी लांबलचक सुरू झालं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सुट्टी नसेल तर काढा. ताईंना बोलवायचं तर बोलवा, दोघं मिळून ठरवा. औषधं कधी द्यायची ते मी लिहून ठेवते. नाही भाऊजी, विचारत नाहीये, सांगतेय. माझ्या सासूबाई आहेत, पण तुमची तर आई आहे ना?"

पलीकडे एकदम शांत झालं. आत्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि मोकळ्या हाताने बाईंना खूण केली की थांबा, वर्ग सुरू करू नका, येतेच मी.