हार्ड म्हणजे काय काय

जर्मन शिकवून शिकवून बाईंना जर्मनचाच वीट आला होता. त्यातही इंग्रजीतल्या 'हार्ड'चा तर फारच. इंग्रजीचं बरं असतं, एका 'हार्ड'वर सगळा संसार चालतो. गादी हार्ड, पेपर हार्ड, सासूही हार्डच. जर्मन माणसाला तेवढ्यावर चैन पडत नाही. त्याची गादी 'हार्ट', पेपर 'श्वेअर', सासू 'श्ट्रेंग', आणि हार्ड वर्क करणारी सून 'फ्लाइसिश'. दर बॅचला हेच दळण. बाईंचा घसा बसायचा, पाय भरून यायचे, आणि मुलं सगळीकडे 'हार्ट' ठोकून मोकळी व्हायची.

क्लासातल्या एका नर्सचं कोडं मात्र त्यांना सुटत नव्हतं. वॉर्डातली ड्यूटी संपवून ती क्लासला यायची. जर्मनीतल्या हॉस्पिटलात तिची नोकरी ठरल्यात जमा होती, फक्त भाषेची परीक्षा आडवी येत होती. दोनदा नापास झाली होती. तोंडी सरावात तीही 'हार्ट, हार्ट' करत बसायची. आज मधल्या सुट्टीत बाई चहा घेऊन परत येत होत्या, तर तीच शेजारणीला सगळे अर्थ घडाघडा समजावून सांगत होती. ऐकायला कमी येणाऱ्याला, म्हणजे इंग्रजीतल्या 'हार्ड ऑफ हिअरिंग'ला, 'श्वेअरह्योरिश' म्हणतात, हेसुद्धा. ते तर बाईंनी अजून शिकवलंही नव्हतं.

क्लास सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

"मुद्दाम नापास होतेस ना गं?"

नर्स पिशवीची चेन लावत राहिली. "घरात सगळ्यांचं ठरलंय, बाई. मला विचारायचं तेवढं राहून गेलं."

"मग सांग की तसं."

"सांगितलं. हे म्हणाले, घाबरू नकोस, जमेल तुला."

तेवढ्यात तिला न्यायला नवरा आला. "काय बाई, यंदा तरी गाडी पुढे सरकणार का?"

वाद घालायचं त्राण बाईंच्यात उरलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि पोरगी सुटत होती.

"हिला नाही जमणार. नाद सोडा."

"वाटलंच मला," नवरा हसला. "डोक्याने जरा मंदच आहे आमची."

ते मात्र नर्सला लागलं. ती गर्रकन वळली आणि नवऱ्याला जर्मनमध्येच फैलावर घेऊ लागली. कुठे अडखळणं नाही, एक शब्द जागा सोडून नाही. इतकं चांगलं जर्मन बाईंच्या क्लासात कुणीच बोललं नव्हतं. नवरा आ वासून बघत राहिला.

"काय म्हणतेय ही?"

एरवी बाईंनी त्यात थोडी साखर घातली असती. आज तेवढीही ताकद नव्हती.

"ती म्हणते, मला जायचं नाही. माझा वॉर्ड मला आवडतो. हौस तुम्हाला आहे, तर तुम्हीच शिका आणि तुम्हीच जा."

नवऱ्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे हिला सगळं येतंय की! बाई, आजच नाव घाला परीक्षेला." आणि मोठ्या कौतुकाने त्याने बायकोची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.