प्रिंटरवरची पाच बोटं

तीन वाजले होते आणि पाचला बायका येणार होत्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. ओरछा गेटच्या आमच्या घरात गौरीपुढचं चैत्रांगण पन्नास वर्षं आईच काढते. यंदा तिच्या उजव्या हाताची थरथर थांबेना. चिमटीतली रांगोळी नुसती सांडायची. "मी हात धरते," म्हटलं, तर म्हणाली, "हात धरून काढलेलं माझं कसं, अनुया? राहू दे यंदा. कुंकूही तूच लाव." तेव्हापासून हात पदराखाली.

मला स्वस्थ बसणं जमत नाही. आठ दिवस मी घरातल्या बंद प्रिंटरशी झटापट करत होते. इलाइट चौराह्यावरचा दुकानदार म्हणाला होता, "दीदी, कबाड़ में दे दो।" मी त्याच्याशीही भांडून आले. शाईच्या डब्या काढून तिथे रांगोळीचं नरसाळं बसवलं, सांगाड्याला खाली चाकं लावली. नरसाळं दांडीवरून डावी-उजवीकडे पळणार, चाकं पुढे सरकणार आणि गेल्या वर्षीच्या फोटोवरून आईचं चैत्रांगण फरशीवर उतरणार. सकाळी एक कमळ नीट उतरलंही होतं.

आता बटण दाबलं, तर नरसाळं धाडकन कडेला आपटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"आई, ह्याला हात लावलास?"

"हळदीकुंकू लावलं. नवीन काम तसंच सुरू करायचं होय?"

पाच बोटं नेमकी दांडीमागच्या पारदर्शक पट्टीवर. तिच्यावर अगदी बारीक रेघा असतात. त्या मोजूनच यंत्राला कळतं, नरसाळं कुठे आहे.

"दुसरी जागा नव्हती?" मी ओरडले.

"हात जिथे टेकला तिथे लागलं गं."

मी ऐकलंच नाही. स्पिरिटचा बोळा घेऊन पट्टी खसाखसा पुसली. कुंकू गेलं. रेघाही गेल्या. नुसत्या ओल्या फडक्यानं भागलं असतं. तिची चूक पुसता आली असती, माझी नाही. आणि ओरडले होते मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजत आले. सगळं आवरावं म्हणून मी नरसाळं ओढणारा मोटरचा पट्टा काढला. आईनं नरसाळं बाजूला करायला त्यावर हात ठेवला, तर ते अलगद सरकलं. हात थरथरतच होता, पण दांडी त्याला वर-खाली जाऊ देईना. फरशीवर रांगोळीची रेघ पडली. सरळ.

आई त्या रेघेकडे बघत राहिली.

"रांगोळी भर," ती म्हणाली.

गौरीचं मखर झालं, झोपाळ्याच्या साखळ्या झाल्या. "जरा तिरकं कर," म्हणाली तेव्हा मी सवयीनं तिचं मनगट धरायला गेले.

"हात नको. सांगाडा धर."

मी धरला. दंड भरून आले तरी सोडला नाही. सूर्य गोल न होता बाराकोनी झाला. तिला चालला.

पाचला शेजारच्या सरला भाभी आल्या, दारातच थबकल्या. "अम्मा जी, इस बार भी आपने बनाया?"

"और कौन बनाएगा?"

मी करंडा उचलला होता. आईनं तो माझ्याकडून घेतला आणि हात पदराबाहेर काढला. कुंकू भाभींच्या भुवईपर्यंत ओढलं गेलं. त्यांनी ते पुसलं नाही.