कोपऱ्यातली तारीख

मित्रांनो, मी कॅमेरा आहे. जुना, रोल घालून फोटो काढायचा. कडांना माझा काळा रंग उडाला आहे आणि पट्टा एकदा तुटून शिवलेला आहे. पण माझ्यात एक गोष्ट आहे, जी तेव्हा फार थोड्या कॅमेऱ्यांत असायची. मी फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटवतो. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस त्या तारखेमुळे आले, आणि मोठी अडचणही तिच्यामुळेच आली.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी सिंगापूरच्या दुकानात गेलो आणि १९९३ साली भगवंतरावांनी मला बेंगळुरूला आणले. त्यांचे थोरले भाऊ विश्वासराव यांचे मल्लेश्वरममध्ये बटणे, दोरे आणि लेस विकायचे दुकान आहे. मी त्यांच्यासाठी भेट होतो. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"फोटोत तारीख कशाला?" ते म्हणाले. "भिंतीवर कॅलेंडर आहे की."

त्यांनी मला कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी मला बाहेर काढले. "तुम्हाला नको ना? मग हा माझा," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

सोयराबाई एका सेवा क्लबाच्या सभासद होत्या. दुकानदार, बँकेतले कारकून, एक-दोन डॉक्टर अशी साधी माणसे त्या क्लबात होती. वर्गणीतून वह्या वाटता येतात, पण मोठे काम होत नाही. म्हणून क्लब परदेशातल्या एका संस्थेकडे अनुदान मागत असे. मित्रांनो, अनुदान मागणे सोपे असते, सांभाळणे अवघड असते. तीन दुकानांतून भाव आणायचे, पावत्या जपायच्या, काम सुरू होण्याआधीचा फोटो आणि झाल्यानंतरचा फोटो पाठवायचा. मग उरलेली रक्कम येते. हे सगळे सोयराबाई करत. फोटोचे काम माझे. डोळ्यांच्या शिबिरात मी होतो, शिलाई यंत्रे वाटली तेव्हाही होतो. क्लबाचे अध्यक्ष आप्पाजी मला हातात घेऊन म्हणायचे, "अक्का, हा कॅमेरा आहे तोवर आपल्याला कोणी खोटं म्हणणार नाही."

१९९६ साली देवनहळ्ळीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेचे काम आले. शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. मुख्याध्यापिका हेमावती यांनी सांगितले की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, जेवणाच्या सुट्टीनंतर निम्म्या घरी जातात आणि मोठ्या झाल्या की शाळा सोडतात. सोयराबाईंनी अर्ज पाठवला. एप्रिल आला, शाळेला सुट्टी लागली. जूनच्या आत बांधकाम व्हायला हवे होते, पण मंजुरीचे पत्र येत नव्हते.

"आज नाही तर उद्या येतंयच," आप्पाजी म्हणाले. "पण अक्षय्य तृतीया परत यायला वर्ष लागेल. स्वल्प पूजा करून ठेवू."

सगळ्यांना ते पटले. सोयराबाईंनाही पटले. आपल्याकडे कामाला हात लावायचा तर दिवस चांगला पाहतात. अक्षय्य तृतीयेला शाळेच्या आवारात नारळ फुटला, क्लबाच्या लोकांनी स्वतः कुदळी मारून खड्डा खणला आणि सोयराबाईंनी माझे बटण दाबले. कोपऱ्यात तारीख उमटली.

मंजुरीचे पत्र मे महिन्यात आले. त्यात लिहिले होते की मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाला पैसे मिळणार नाहीत. काम सुरू झाल्याचा तारखेसह फोटो पाठवावा.

विश्वासरावांच्या दुकानात सगळे जमले. मी गल्ल्याशेजारी होतो.

"त्यात काय आहे?" आप्पाजी म्हणाले. "खड्डा बुजवू, परत खणू. परत नारळ फोडू, परत फोटो काढू. पहिला फोटो कोणी पाहिलाय?"

"एकदा देवाला बोलावलं, तो आला," सोयराबाई म्हणाल्या. "आता परत बोलवायचं आणि संस्थेच्या साहेबांना सांगायचं की पहिल्यांदा आलाच नव्हता?"

"देव ॲडजस्ट करून घेतो, अक्का."

विश्वासराव लेस मोजत होते. वर न बघता ते म्हणाले, "तारीख बंद करायचं बटण आहे त्याला. पुस्तकात लिहिलंय."

"तीन वर्षांत मला ते बटण सापडलं नाही. आता दाखवू नका," सोयराबाई म्हणाल्या.

हेमावती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सातवीतल्या मुलींचे आईबाप माझ्या दारात येऊन बसतात. जूनमध्ये संडास नसेल तर ते शाळेतून नावं काढून घेतील. त्यांना मी काय दाखवू? तारीख?"

 तरीही सोयराबाईंनी खरा फोटो पाठवला आणि आपले काय चुकले ते लिहिले. मग आम्ही वाट पाहू लागलो.

जून गेला, जुलै गेला. दर रविवारी सोयराबाई बसने त्या खेड्यात जायच्या आणि हेमावतींबरोबर घरोघर फिरायच्या. "दिवाळीपर्यंत थांबा," एवढेच त्या सांगायच्या. बाकीचे थांबले. शिल्पाश्री नावाच्या मुलीच्या वडिलांनी मात्र तिचे नाव शाळेतून काढून घेतले. त्या दिवशी घरी आल्यावर सोयराबाई जेवल्या नाहीत. विश्वासरावांनी ताट झाकून ठेवले आणि स्वतःही जेवले नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी उत्तर आले. आधीच खणलेल्या जागेवरच्या कामाला पैसे देता येणार नाहीत. या पत्राच्या तारखेनंतर, आवारातच दुसऱ्या जागी, नवीन काम सुरू करावे. खरे कळवल्याबद्दल आभार.

"पण आता पितृपक्ष लागतोय," आप्पाजी म्हणाले. "पितृपक्षात पाया?"

"मागच्या वेळी तुमच्या मुहूर्तानेच आपल्याला गोत्यात आणलं," सोयराबाई म्हणाल्या.

आप्पाजी हसले. "सरी, ठीक आहे," म्हणाले आणि पहिली कुदळ त्यांनीच मारली.

दिवाळीच्या आत संडास उभे राहिले, पाण्याची टाकी बसली. शिल्पाश्रीच्या वडिलांनी स्वतः येऊन नळ उघडून पाहिला आणि सोमवारी मुलीला शाळेत आणून सोडले. तो फोटो मी काढला आहे. पहिला खड्डा तसाच राहिला होता. पूजा झालेली जागा रिकामी ठेवू नये, असे म्हणून हेमावतींनी तिथे चकोतऱ्याचे, म्हणजे पपनसाचे, कलम लावले. त्या भागात चकोतरा चांगला होतो.

मित्रांनो, १९९८ च्या उन्हाळ्यात सोयराबाई आजारी पडल्या आणि गेल्या. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. विश्वासरावांनी मला कपाटात ठेवले. ते रोज कपाट उघडत, शर्ट काढत आणि माझ्याकडे न बघता बंद करत. माझ्या पोटातले सेल फुटून पाझरले. मी तक्रार करत नाही. ज्या हातांत मी होतो, ते हात मिळाले हेच मला पुष्कळ आहे.

पुढच्या वर्षी आप्पाजी घरी आले. शाळेला आणखी दोन खोल्या हव्या होत्या, पण संस्थेचे म्हणणे होते की आधीचे काम अजून वापरात आहे याचा फोटो द्या.

"दुसरा कॅमेरा आणतो मी," आप्पाजी म्हणाले. "पण वाटलं, आधी तुम्हाला विचारावं."

 विश्वासराव उठले आणि त्यांनी मला कपाटातून बाहेर काढले. लिंबाचा रस आणि जुना टूथब्रश घेऊन पाझरलेली जागा घासली. नवे सेल घातले. चष्मा लावून माहितीचे पुस्तक उघडले. तारीख बंद करायचे बटण त्यांना लगेच सापडले. त्यांनी ते दाबले नाही. पान उलटून ते तारीख लावायला शिकले.

आम्ही शाळेत गेलो. संडास स्वच्छ होते. चकोतऱ्याला पहिल्यांदाच फुले आली होती आणि त्यांचा वास वर्गापर्यंत येत होता. शिल्पाश्री आता देवनहळ्ळीच्या हायस्कुलात दहावीला होती. ती सायकलवरून मुद्दाम आली होती. फुलांच्या फांदीखाली उभी राहून तिने विचारले, "अंकल, अक्का कुठे उभ्या राहायच्या फोटो काढताना, ठाऊक आहे?"

विश्वासरावांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी तिलाच जागा विचारली, आणि तिने दाखवली तिथे ते जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या आवडीची एखादी वस्तू असेल आणि ते माणूस आता नसेल, तर ती वस्तू जपा. पण कपाटात जपू नका. तिच्यातले सेल काढा, तिला पुसा आणि तिचे काम तिला करू द्या.

रोल धुऊन आला तेव्हा विश्वासराव दुकानात एकटेच होते. त्यांनी फोटो उजेडात धरला, कोपऱ्यातले आकडे वाचले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिले.

"अगं, बरोबर आली बघ," ते म्हणाले.