बारामती-लातूरच्या वाटेवरची विहीर

बारामतीहून लातूर गाठायला गाडीनं चार-पाच तास मोडतात. करुणाच्या शिकाऊ विमानाला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागायचा. एकटीनं लातूरला जाऊन यायची तिची पहिली फेरी ठरली, तेव्हा तिनं पळसदेवला आजीला, अक्काबाईला, फोन केला. बारामती सोडल्यावर दहा-बारा मिनिटांत मी तुझ्या डोक्यावर असेन, म्हणाली.

अक्काबाईनं विचारलं, की वरून धरणातलं दिसतं का. उन्हाळ्यानं उजनीचं पाणी मागं हटून जुन्या गावाचं देऊळ उघडं पडलं होतं. त्याच्या पलीकडं त्यांच्या वस्तीची विहीर होती. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून अक्काबाईच्या नवऱ्यानं आणि दिरांनी ती खणली होती. तिचं पहिलं पाणी नव्या सुनेनं, म्हणजे अक्काबाईनंच, शेंदलं होतं. पुढं धरण झालं आणि सगळंच बुडालं.

"आपली हीर दिसती का, तेवढं बघ," ती म्हणाली.

त्या सकाळी करुणाचं सगळं लक्ष दिशा, उंची आणि रेडिओवर होतं. पळसदेव जाता-येता कधी मागं पडलं ते तिला कळलंही नाही. परत बारामतीला उतरल्यावर शिकवणाऱ्या सरांनी पाठ थोपटली, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि संध्याकाळी आजीचा फोन आला.

"दिसली का गं हीर?"

राहून गेलं, असं म्हणायला करुणाची जीभ रेटेना. "व्हय आजी, दिसली."

"कठडा हाय?"

"हाय की."

दोन दिवसांनी अक्काबाई घरात कुणाला न सांगता माऊली मच्छीमाराच्या होडीतून तिकडं गेली. तो नको नको म्हणत असताना चिखल तुडवत देवळामागं हिंडली. सगळीकडं नुसता गाळ होता, कठड्याचा एक दगडसुद्धा दिसला नाही. परतताना तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

करुणा इंदापूरच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा आजी तिचीच समजूत घालू लागली. "तुला वरनं नीट दिसली आसंल. मीच जागा चुकले."

करुणाला ते सहन होईना. "आजी, मी खाली बघितलंच न्हवतं."

अक्काबाईनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "न्हाय बघितली, म्हणायचं हुतंस. मी काय रागावले आसते?"

ती पुन्हा काठीशिवाय चालली नाही. करुणाला लायसन्स मिळालं तेव्हा तिनं नातीच्या तोंडात साखर घातली, आणि करुणाच्या बापाला म्हणाली, पोरीनं नाव काढलं. त्यात खोटं काही नव्हतं. करुणा अजून प्रत्येक उड्डाणानंतर घरी फोन करते. आजी तिला जेवलीस का एवढंच विचारते, वरून काय दिसलं ते विचारत नाही, नि फोन बापाच्या हातात देते.