स्वस्त गावाचा आकडा

पाकिटावर चारशे ग्रॅम छापलं होतं. माझ्या काट्यावर पाव तीनशे त्र्याहत्तर भरला. भाव मात्र मागच्या महिन्याचाच. म्हणजे दुकानदाराच्या मते पाव महागला नव्हता, प्रत्यक्षात तो सात टक्क्यांहून थोडा अधिक महागला होता. मी वजन वहीत लिहिलं.

हीच माझी नोकरी. ठरलेल्या दोनशे बारा वस्तूंचे भाव दर महिन्याला टिपायचे. अशा अनेक ऑफिसांचे आकडे एकत्र होतात आणि कुठल्या देशात, कुठल्या भागात जगायला किती लागतं, याचा तक्ता निघतो. त्या तक्त्याचं पुढे लोक काय करतात, ते आमच्या कामात येत नाही.

रविवारी अकराला दादा आणि वहिनी आले. परदेशातून येऊन त्यांना चार दिवस झाले होते. मुक्काम हॉटेलात, कारण आमच्याकडे बाथरूम एकच. बाबांची खाट बाहेरच्या खोलीत आहे. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हा उजवी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली.

वहिनीने खिडकी उघडली, बाहेर बघितलं आणि परत लावून घेतली.

"अजून तोच रंग भिंतींना," ती म्हणाली. "इथे रंगवायला असे कितीसे लागतात! आमच्याकडे एका कॉफीचे जेवढे पडतात तेवढ्यात इथे आठवड्याचं दूध येतं."

"मग आठवड्याला एक कॉफी कमी प्या, वहिनी. आमच्या दुधाची सोय होईल."

"तोंड बघा हिचं," वहिनी दादाला म्हणाली.

दादाने टेबलावरची माझी वही बाजूला सारून एक कागद पसरला. तीन रकाने होते: त्याचा देश, आमचं शहर आणि डोंगरापलीकडचं एक लहान गाव.

"आमच्याकडे शंभर लागतात तिथे या शहरात अडतीस लागतात," तो म्हणाला. "त्या गावात एकवीस. तिथे वृद्धाश्रम आहे. खोली, जेवण, धुणं सगळं त्यात आलं. मी फोनवर बोललोय. मंगळवारी गाडी करून पोचवू, बुधवारी आमचं विमान आहे."

"एकवीस कुठून आणलेस?"

"तुझ्याच ऑफिसच्या तक्त्यातून. आमच्या शास्त्रज्ञबाईंवर विश्वास ठेवला, तर तेही चालत नाही का?"

त्या गावाचे भाव मीच टिपले होते. दोन दिवस फिरले होते, पायी. यादीतल्या एकोणसाठ गोष्टी मला तिथे मिळाल्या नाहीत. व्यायाम करून घ्यायला घरी येणारा माणूस नाही. मोठ्यांचे डायपर नाहीत. लघवीची नळी बदलणारी नर्स नाही. रुग्णवाहिका मागवली तर दीड तासाने, तीही दुसऱ्या गावाहून. आमच्या फॉर्मवर यासाठी एक चौकोन आहे: अनुपलब्ध. तिथे खूण केली की ती वस्तू सरासरीतून गळते. महागड्या वस्तू अशा गळल्या की उरलेलं गाव स्वस्त दिसायला लागतं. मी एकोणसाठ खुणा केल्या आणि सही करून फॉर्म पाठवला. साहेबांनी कामाच्या टापटिपीचं कौतुक केलं होतं.

हे सगळं मी दादाला सांगितलं. सावकाश, दोनदा.

"म्हणजे तुमचा तक्ताच चुकीचा म्हण."

"तक्ता बरोबर आहे. बाबांना जे लागतं ते त्यात नाही."

"वा! म्हणजे मी वाचलं तर चुकीचं, तू वाचलंस तर बरोबर."

"माझा भाव काढून झाला का?" खाटेवरून बाबांनी विचारलं. "वजनही करून घ्या हवं तर. काटा आहे तिच्याकडे."

"बाबा, तुमच्यासाठीच चाललंय हे."

"ते दिसतंय मोठ्या. माझ्यासाठी मंगळवारपर्यंत, आणि बुधवारी विमान."

दादाचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचं तसंच होतं.

माझ्या कपाटात बदलीचं पत्र होतं. मोठ्या शहरात, भाव टिपणाऱ्यांना शिकवायचं काम. आठ महिन्यांत मी दोनदा मुदत वाढवून घेतली होती. उद्या ती संपत होती. बाबांना ठाऊक होतं. दादाला सांगायला मी कितीतरी वेळा फोन केला होता, पण तो दर वेळी त्याच्याकडच्या घरभाड्यावर घसरायचा आणि मी ऐकून घेऊन फोन ठेवायचे.

"बरं, नाही पाठवायचं ना गावी?" दादाने कागदाची घडी घातली. "मग राहू देत इथेच. मी पाठवतो त्यात इथे राजासारखं भागतं."

"तू पाठवतोस त्यात दिवसपाळीच्या मावशींचे सोळा दिवस भागतात. उरलेल्या दिवसांचे मी देते. रात्री तर रोज मीच असते. त्यांना दर तीन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, दादा. ब्याऐंशी किलो."

"मग? घरचीच तर आहेस. तुला कोणी पगार द्यायचाय का?"

घरच्या माणसाच्या कामाला आमच्या यादीत ओळ नाही, हे मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. तरी हातातलं पेन मी खाली ठेवलं.

"माझे तिकडे राहायचे कागद झालेले आहेत की," बाबा म्हणाले. "नात झाली तेव्हा तूच केले होतेस. तिकडे मूल सांभाळणारी बाई परवडत नाही म्हणालास, म्हणून तुझी आई होती तेव्हा ती आणि मी येऊन राहिलो. अजून चार वर्षं चालतील ते कागद."

वहिनी हसली. "बाबा, अहो, तिथे माणूस ठेवायचा तर तासाला किती मोजावे लागतात, कल्पना तरी आहे का?"

मी आकडा सांगितला. तासाचा, दिवसाचा आणि रात्रपाळीचा वेगळा. वहिनीचं हसू थांबलं.

"माहीत आहे ना, मग?" दादाचा आवाज चढला. "आम्ही काय घर विकायचं?"

"गेली दोन वर्षं हा प्रश्न तुला पडला नव्हता."

"टोमणे मारू नकोस. काय ते सरळ बोल."

मी बाबांकडे वळले. "बाबा, जाल दादाकडे?"

"मी तयार आहे. नेतो का ते विचार त्याला."

दादा वहिनीकडे बघत होता. वहिनी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत होती.

"विचारत नाही," मी म्हणाले. "सांगते आहे. त्या गावी बाबा जाणार नाहीत. आणि मी इथे थांबणार नाही, दादा. उद्या सकाळी मी बदली स्वीकारते आहे. बाबा तुझ्याकडे येतील."