आज्ञाभंगाची कबुली

फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर, डोंगरातल्या त्या लष्करी तळावर फादर अनाक्लेतो महिन्यातून एकदाच येत. फणसाखाली दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यावर बैठक मारत आणि जवान एकेक करून पापांची कबुली देत. बहुतेकांची पापं दारू आणि शिव्यांपुढे जात नसत. सार्जंट एलेउतेरियोची मात्र आज रांगेत नुसती घालमेल चालली होती.

उद्या तो रजेवर निघणार होता. रविवारी त्याच्या लेकीचा, लुमिंगचा, पहिला ख्रिस्तप्रसाद. "बाबा, तुम्हीपण माझ्याबरोबर घ्यायचा हं," असं तिने फोनवर बजावलं होतं. पाप पोटात ठेवून प्रसाद घ्यायचा, हे काही त्याला जमण्यातलं नव्हतं. गेले तीन रविवार फादरांनी ठेवून दिलेला प्रसाद घ्यायला सगळे उठले, की हा पठ्ठ्या मागे बुटाच्या नाड्या बांधत बसायचा.

त्याने गुडघे टेकले. "फादर, मी आज्ञा मोडली. बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली."

"कसली आज्ञा?"

"लेफ्टनंटसाहेब म्हणाले, त्या घरात बंडखोर आहेत, तोफ डागा. मी दुर्बीण लावली, तर दोरीवर बाळाची दुपटी. ओली, पाणी टपकत होतं. मी गोळा टाकलाच नाही."

"आत कोण होतं?"

"एक म्हातारी, दोन बायका आणि तान्हं पोर. नंतर गस्त तिथे जाऊन बघून आली."

"याची क्षमा मला देता येणार नाही," फादर म्हणाले.

एलेउतेरियोच्या पायाखालची जमीनच सरकली. आता लेकीला काय सांगायचं?

"अरे, तोंड काय पाडतोस? जे पापच नाही त्याची क्षमा कुठून आणू? लोकांना वाचवायला बंदूक धरलीस, त्यात पाप नाही. पण निरपराधांना मारायची आज्ञा कुणीही देवो, ती पाळायला देवाची शपथ तुला बांधत नाही. बावीस वर्षं नोकरी केलीस, एवढंही कळू नये? खरं पाप असेल तर बोल, मागे रांग आहे."

एलेउतेरियोने मान खाली घातली. "साहेबांना सांगितलं, तोफ अडकली."

"हां, हे पाप! तीनदा 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हण. आणि साहेबांना खरं सांग बाबा, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा कुणी गोळा टाकून मोकळा होईल."

क्षमा मिळाली. तो उठला, तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याला छातीभर श्वास घेता आला. वळून बघतो तर रांगेत पुढचा नंबर लेफ्टनंट लक्सामानाचा. हा सव्वीस वर्षांचा तोंडाळ पोरगा कबुलीला आलेला कुणी पाहिला नव्हता. आता टोपी हातात चुरगाळत उभा होता.

"सर, तोफ अडकली नव्हती."

"माहीत आहे. त्याच संध्याकाळी मी स्वतः तपासली." लेफ्टनंट जवळ सरकला. "सार्जंट, मी दुर्बीण डोळ्याला लावलीसुद्धा नव्हती. तुम्ही बघितलंत म्हणून..."

एलेउतेरियोने बाजूला होऊन वाट करून दिली.

"जा सर. फादर ओरडतात, पण लवकर सोडतात."